ऑपेरा म्हणजे काम

‘ऑपेरा’ हा शब्द आम्हा लाखनीकरांच्या कानी प्रथम आला तो मुंबईतील एका पत्त्याचा भाग म्हणून. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, त्या रॉयल ऑपेरा हाउसचे नाव गिरगावाजवळच्या त्या परिसरालाच पडले. साहजिकच या शब्दाभोवती आमच्या मनात मखमली पडद्यांचे आणि झुंबरांचे वलय राहिले. मूळ अर्थ मात्र या वैभवापासून फार दूर आहे.

इटालियन भाषेत ‘ऑपेरा’ म्हणजे काम: श्रम आणि श्रमांतून उभी राहिलेली कृती, दोन्ही. शब्द लॅटिनमधून आलेला. लॅटिन ‘ओपस’ आणि वैदिक संस्कृतातील ‘अपस्’ (कर्म) ही एकाच कुळातील भावंडे. गंमत अशी, की आरंभीच्या संगीत नाटकांना हे नाव नव्हतेच. १६०७ साली मांतुआ येथे झालेल्या मोंतेवेर्दीच्या ‘ऑर्फेओ’ला ‘संगीतातील कथा’ म्हटले गेले. १६३७ साली व्हेनिसमध्ये पैसे भरून कोणालाही प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह उघडले. १६३९ मध्ये तेथेच कावाल्लीच्या एका नाटकास ‘रंगमंचीय ऑपेरा’ असे म्हटले गेले. पुढे विशेषण गळाले, ‘काम’ तेवढे उरले.

आता मराठीकडे पाहू. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आपण प्रयोगाला ‘खेळ’ म्हणतो खरे; पण तो प्रेक्षकाच्या बाजूने. नट मात्र नाटकात ‘काम’ करतो. दुष्यंताचे काम, शकुंतलेचे काम. इटालियनशी काडीचा संबंध नसताना आपली भाषा त्याच अर्थापाशी पोहोचली.

आमच्या झाडीपट्टीत हा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. धान घरात आले की नाटकांचा हंगाम उभा राहतो. दिवसा शंकरपट, रात्री ऑर्गन-तबल्याच्या साथीने पहाटेपर्यंत चालणारे नाटक. पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात राबलेले कितीतरी हात हिवाळ्यात त्याच मंचावर तलवार पेलतात. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तोवर कित्येकांच्या लेखी, आणि खरे सांगायचे तर आमच्याही लेखी, हे सारे रिकामपणाचे उद्योग होते. ‘नाटकात काम करतो’ हे शब्द आम्ही जन्मभर बोललो; त्यातले ‘काम’ ऐकायला आम्हाला इटलीपर्यंत जावे लागले.