करडं बूच, जांभळं बूच

मधुमेहाच्या तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलं, की टेक्निशियन दंडाला पट्टा बांधतो आणि एकाच सुईतून दोन छोट्या नळ्या भरून घेतो. एकीचं बूच करडं, दुसरीचं जांभळं. करड्या बुचाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी साखर खायचं थांबत नाहीत. साधी नळी तशीच टेबलावर राहिली, तर तासाला पाच-सात टक्के साखर त्या फस्त करतात आणि आकडा उगाचच कमी येतो. फ्लोराइड हे खाणं रोखतं. जांभळ्या नळीला असली घाई नाही. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए असतं, एवढंच. तिच्यात मोजायची ती लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला गेल्या तीन महिन्यांत चिकटलेली साखर, आणि ती तासा-दोन तासांत कुठं जात नाही.

रिपोर्टवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापून येतात, म्हणून सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांची घराणी वेगळी. ‘फास्टिंग तर बरी आली, मग तीन महिन्यांची एवढी कशी?’ हा दवाखान्यात रोज ऐकू येणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर या दोन घराण्यांच्या इतिहासात सापडतं.

करड्या बुचाचं घराणं जुनं, आणि त्याची सुरुवात रक्तातून नव्हे तर लघवीतून झाली. प्रमेहाच्या रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, ही नोंद चरकसंहितेत आहे. सुश्रुतसंहितेने तर प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यातून होणारा असे दोन प्रकारही सांगितले. लंडनच्या थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेहींची लघवी मधासारखी गोड लागते असं लिहिलं. तपासायची रीत म्हणजे अर्थातच जीभ. पुढचं पाऊल लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांचं. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी रुग्णाची लघवी मंद आचेवर आटवून पाहिल्याचं सांगितलं आहे. तळाशी पांढरा, भुरभुरीत थर उरला. वास आणि चव तांबूस साखरेची. याच रुग्णाच्या रक्ताचा द्रवही त्यांना गोडसर लागला. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती रक्तातून येत होती.

तरीही पुढची दीडशे वर्षं मोजमाप लघवीचंच होत राहिलं, कारण रक्त पुरेसं काढणंच अवघड होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेलं निळं द्रावण आपल्याकडच्या सायन्सच्या अनेक विद्यार्थ्यांनी हाताळलेलं असतं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळं तसंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. स्पिरिटच्या दिव्यावर ही नळी धरून कित्येक मधुमेहींनी घरच्या घरी वर्षानुवर्षं आपली साखर ओळखली.

या रंगांत मोठी खोट होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. ११० काय आणि १७० काय, दोन्हीला द्रावण निळंच. शिवाय लघवी मूत्राशयात तासन् तास साठलेली, त्यामुळे रंग दिसायचा तो मघाचा, आत्ताचा नव्हे. ज्याला आज आपण टाइप टू म्हणतो तो मधुमेह बहुतेक वेळा याच निळ्या टप्प्यात वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो.

रक्तातली साखर मोजणं रोजच्या आवाक्यात आलं ते १९१३ मध्ये स्वीडनमधल्या ईव्हार बँग यांनी थोड्याशा थेंबांवर भागणारी पद्धत काढल्यानंतर. पाठोपाठ फोलिन आणि वू यांची पद्धत आली आणि मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रुळली. मग प्रश्न आला तो वेळेचा. जेवण झाल्यावरची साखर काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं यावर ठरते. एका माणसाची दुसऱ्याशी, किंवा त्याचीच आजची कालशी तुलना करायची, तर किमान आठ तास पोटात काही नसलेली सकाळच सोयीची. उपाशीपोटीच्या आकड्याला मान मिळाला तो मुख्यतः या सोयीमुळे.

त्या आकड्याचा अर्थ मात्र आधीच उलगडू लागला होता. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५७ पर्यंत दाखवून दिलं होतं, की यकृत साखर साठवतं आणि गरज पडली की स्वतःहून रक्तात सोडतं. ‘रात्री तर मी फक्त भाकरी नि भाजी खाल्ली, तरी सकाळी १६० कशी?’ या तक्रारीचं मूळ इथं आहे. उपाशीपोटीची साखर बरीचशी यकृताची. इन्शुलिन नीट लागू पडत नसलं, की यकृताला ‘आता पुरे’ असं सांगायला कोणी उरत नाही. पहाटे वाढणारी संप्रेरकं त्यात भर घालतात. रात्रीची भाकरी निम्म्यावर आणली म्हणून ती साखर निम्म्यावर येत नाही.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या एम्स कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स ही पट्टी बाजारात आणली. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, साठ सेकंद थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. १९७० च्या सुमारास हा रंग वाचणारं यंत्रही आलं, पण ते डॉक्टर आणि रुग्णालयांसाठी. रिचर्ड बर्नस्टाइन या इंजिनिअरला लहानपणापासून टाइप वन मधुमेह होता. त्यांनी ते यंत्र डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. रुग्णाने आपली साखर स्वतः मोजावी हे त्यांचं म्हणणं वैद्यकीय नियतकालिकं छापेनात, तेव्हा पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन बाहेर पडले. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा एक्झॅकटेक मीटर आला. आजचा मीटर त्याच वंशातला. त्याच्या जागतिक मानकात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. मीटरवर ११८ आणि लॅबमध्ये १२६ आलं म्हणून यंत्र बिघडलं असं समजायचं कारण नाही.

जांभळ्या बुचाचं घराणं जेमतेम साठ वर्षांचं, आणि ते योगायोगाने उभं राहिलं. तेहरान विद्यापीठात सॅम्युएल रहबर रक्ताचे नमुने तपासत होते. शोध चालला होता हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांचा. काही नमुन्यांत हिमोग्लोबिनचा एक वेगळाच पट्टा दिसला, आणि ती माणसं मधुमेही निघाली. हे त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. हा आनुवंशिक दोष नव्हता. साखर हिमोग्लोबिनला कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय, आपोआप चिकटत होती आणि पेशी मरेपर्यंत तिथंच राहत होती.

या पट्ट्याचा उपयोग दाखवला तो १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या कोनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी. रुग्ण अवघे पाच. सुरुवातीला त्यांची उपाशीपोटीची सरासरी साखर ३४३ होती आणि एचबीएवनसी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, ९.८ टक्के. रुग्णालयात ठेवून साखर ८४ वर आणली, तशी एवनसी हळूहळू ५.८ पर्यंत उतरली. हळूहळू, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी जाऊन नव्या आल्याशिवाय आकडा हलत नाही. त्यातही निम्मा भार शेवटच्या महिन्याचा असतो. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून फास्टिंग सुधारून घेणाऱ्यांची चलाखी इथं चालेना.

हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासात भेटले ते ब्रिटनमध्ये. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या यूकेपीडीएसमध्ये नव्यानेच टाइप टू मधुमेह कळलेले ५,१०२ रुग्ण दाखल झाले. काटेकोर उपचारांच्या गटाचं लक्ष्य उपाशीपोटीच्या साखरेचं होतं: १०८ च्या खाली. निकाल मात्र एवनसीत मोजला गेला. दहा वर्षांत एका गटाची ७.०, दुसऱ्याची ७.९. एवढ्याशा फरकाने डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांत २५ टक्के घट झाली. हे १९९८ मध्ये जाहीर झालं. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची एवनसी सारखी झाली, तरी आधीच्या काटेकोरपणाचा फायदा पुढं दहा वर्षं टिकल्याचं २००८ मध्ये दिसून आलं.

पण त्याच वर्षी दुसरी बाजूही समोर आली. अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची एवनसी सहाच्या खाली आणायचा घाट घातला गेला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर दुसऱ्यात २०३. काटेकोर उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. तेव्हापासून सर्वांना एकच लक्ष्य लावायचं सोडून, वय, इतर आजार आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून ते ठरवलं जातं.

निदानाच्या रेषाही अशाच सरकत आल्या. अमेरिकेत १९७९ मध्ये उपाशीपोटी १४० ही मधुमेहाची सीमा होती. १९९७ मध्ये ती १२६ झाली, कारण डोळ्यांच्या पडद्यावरच्या खुणा त्याच सुमारास वाढताना दिसत होत्या. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ६.५ टक्के एवनसीलाही निदानात स्थान दिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फास्टिंग ११० आणि एवनसी ८ असेल, तर साखर बहुधा जेवणानंतर चढते आहे. फ्रान्समधल्या मोनिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की एवनसी ७.३ च्या खाली असताना एकूण वाढीव साखरेत जेवणानंतरच्या साखरेचा वाटा सुमारे ७० टक्के असतो, तर १०.२ च्या वर उपाशीपोटीची साखर वरचढ ठरते. तेव्हा आकडे फार चढलेले असताना सकाळची साखर आधी आटोक्यात आणावी, आणि साताच्या जवळ पोचल्यावर ताटाकडे बघावं, हे त्यातून निघतं. उलट, मीटर रोज दोनशे दाखवतो आणि एवनसी साडेसहाच येते, तर खूश होण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एवनसी फसवी कमी येते. लोहाच्या कमतरतेत ती उलट जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ती कमतरता घरोघरी आहे. अशा वेळी भरवसा मीटरच्या वहीवर, किंवा गेल्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देणाऱ्या फ्रुक्टोसामाइनच्या तपासणीवर ठेवावा लागतो. म्हणून एवनसी पहिल्यांदा करून घेताना सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणीही सांगावी. ती त्याच जांभळ्या बुचाच्या नळीतून होते, वेगळी सुई टोचावी लागत नाही.