अदृश्य प्रकाशाचा पल्ला

जगदीशचंद्र बोस यांचा ‘अव्यक्त’ हा बंगाली निबंधसंग्रह १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘अदृश्य आलोक’ या निबंधात विद्युत्‌लहरींना त्यांनी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मानले आहे. विटांच्या भिंती या प्रकाशाला अडवत नाहीत, म्हणून तारेवाचून संदेश धाडता येईल, असा त्यांचा विश्वास होता. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून तो खराही करून दाखवला.

प्रयोगशाळेत बोस यांनी पाच मिलिमीटर इतक्या आखूड लहरी निर्माण केल्या. टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनी त्यांचे परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीकरण तपासता येई. पानापानांत कथलाचा वर्ख घातलेले ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रकही त्यांनी ध्रुवीकरणासाठी वापरले. जगाला मात्र पल्ला हवा होता. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पोहोचवला तो शेकडो मीटर लांबीच्या लहरींवर. बोस वनस्पतींकडे वळले आणि मिलिमीटर लहरी दीर्घकाळ अडगळीत पडल्या.

लांब लहरीचा उदारपणा यवतमाळ जिल्ह्याने अनुभवला आहे. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. मध्यमलहर जमिनीच्या चढउतारांना वळसा घालत जाते; दूरच्या नागपूरचा आवाज शिवारातल्या रेडिओवर ऐकू येई, तो त्यामुळे. पुढे मोबाइल आला. त्याची ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटरची आणि एका मनोऱ्याचा पल्ला काही किलोमीटरांचा. लहर आखूड होत गेली तसा तिच्या वरच्या पट्ट्यांत माहितीला अधिक वाव मिळाला, पण पोहोच आकसली.

या प्रवासाचे टोक म्हणजे बोस यांच्याच मिलिमीटर लहरी. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ गिगाहर्ट्झची मोजणी करून थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या आधाराने साधारण दोनशे मीटरपर्यंत संपर्क साधता येतो. शहराच्या भिंती अशा रीतीने लहरीला पुढे नेतात. पण तीच लहर विटांची भिंत किंवा रंगीत काच ओलांडताना क्षीण होते. झाडांची पाने तिला अडवतात, काही मिलिमीटरांचे पावसाचे थेंब तिला विखुरतात. पाच मिलिमीटरची लहर तर हवेतला प्राणवायूच शोषून घेतो. बोस यांना जो अडथळा क्षुल्लक वाटला, तोच या लहरींची सीमा ठरला.

भारतात २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. त्याची लहर सुमारे साडेअकरा मिलिमीटरची. दोनशे मीटरच्या वर्तुळात हजारो माणसे मावणाऱ्या मुंबईच्या स्थानकांना ती शोभते. सागवानाच्या जंगलालगतच्या कोलाम पोडावर तेवढ्याच वर्तुळात मोजकी घरे येतात. तेथे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लांब लहरच कामाची. निसर्गाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. मनोरा कोठे उभारायचा हा निर्णय मात्र माणसांचा, आणि तो बहुधा गर्दी मोजूनच होतो.

संपर्कसाधनांचा इतिहास आपण वेगाच्या चढत्या आकड्यांनी लिहितो. त्याच्या शेजारी पल्ल्याचे उतरते आकडेही लिहिले, तर यवतमाळ त्या इतिहासात कोठे आहे हे दिसू लागेल.