विमान तिकीट बदल शुल्क

विमान तिकीट बदल शुल्क म्हणजे आरक्षित केलेल्या विमान तिकिटावरील प्रवासाची तारीख, वेळ, उड्डाण किंवा मार्ग बदलण्यासाठी विमान कंपनी प्रवाशाकडून आकारत असलेली रक्कम होय. तिकीट पूर्णपणे रद्द केल्यास आकारल्या जाणाऱ्या रकमेस रद्दीकरण शुल्क म्हणतात. ही दोन्ही शुल्के मूळ भाड्यापासून वेगळी असून त्यांचे दर विमान कंपन्या स्वतः ठरवतात. भारतात या विषयाचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) करते. शुल्काचे वाढते दर आणि त्यांच्या आकारणीतील गुंतागुंत हा वारंवार विमान प्रवास करणाऱ्यांच्या नाराजीचा प्रमुख विषय आहे.

## पार्श्वभूमी

भारतात १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर सुमारे चार दशके अनुसूचित विमान सेवा प्रामुख्याने शासकीय महामंडळांकडे होती आणि भाडी शासनाच्या संमतीने ठरत. १९९४ साली वायू महामंडळ कायदा रद्द झाल्यावर खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला व भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. विमान नियम १९३७ मधील नियम १३५ नुसार कंपनीने वाजवी भाडे निश्चित करून ते जाहीर करणे अपेक्षित आहे. मात्र त्या भाड्यावर शासन सर्वसाधारणपणे मर्यादा घालत नाही.

२००३ साली एअर डेक्कन आणि २००६ साली इंडिगो या अल्पदर कंपन्या सुरू झाल्यावर भाड्याची रचना बदलली. मूळ तिकीट स्वस्त ठेवून आसन निवड, अतिरिक्त सामान, खानपान आणि तिकिटातील बदल यांसाठी स्वतंत्र रक्कम घेण्याची पद्धत रूढ झाली. अशा उत्पन्नास पूरक उत्पन्न म्हटले जाते. पुढे पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांनीही भाड्याचे अनेक वर्ग करून सर्वांत स्वस्त वर्गातील बदलांवर शुल्क लावले.

## शुल्काची रचना

बदल शुल्क साधारणपणे पुढील घटकांवर अवलंबून असते:

* '''भाड्याचा वर्ग:''' स्वस्त तिकिटावर शुल्क अधिक, तर लवचीक प्रकारच्या महाग तिकिटावर कमी किंवा शून्य असते.
* '''उड्डाणापूर्वीचा अवधी:''' प्रवासाचा दिवस जवळ येत जातो तसे शुल्क वाढते. उड्डाणापूर्वी ठरावीक तास उरल्यानंतर बदल स्वीकारला जात नाही.
* '''मार्ग:''' देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी दर वेगळे असतात.
* '''आरक्षणाचे माध्यम:''' प्रवासी एजंट किंवा संकेतस्थळामार्फत काढलेल्या तिकिटावर एजंटाचे सेवा शुल्क वेगळे लागते.

बदल शुल्काखेरीज नव्या उड्डाणाचे भाडे अधिक असल्यास भाड्यातील फरकही भरावा लागतो. प्रवाशांचा गोंधळ बहुधा याच ठिकाणी होतो. "बदल शुल्क नाही" अशी सवलत असली तरी भाड्यातील फरक माफ होतोच असे नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होते. एका तिकिटाचे मूळ भाडे ४,००० रुपये आणि कर व विमानतळ शुल्के १,००० रुपये, अशी एकूण किंमत ५,००० रुपये आहे. बदल शुल्क ३,००० रुपये व नव्या उड्डाणाच्या भाड्यातील फरक १,५०० रुपये असल्यास तारीख बदलण्यासाठी ४,५०० रुपये, म्हणजे मूळ भाड्यापेक्षाही अधिक खर्च येतो. याउलट ३,५०० रुपये रद्दीकरण शुल्क सोसून तिकीट रद्द केल्यास १,५०० रुपये परत मिळतात. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे तिकीट एकूण ४,२०० रुपयांना उपलब्ध असल्यास प्रवाशाचा जादा खर्च २,७०० रुपयेच होतो. त्यामुळे बदल करण्यापूर्वी दोन्ही पर्यायांचा हिशेब करणे हिताचे ठरते.

प्रवासी पूर्वसूचना न देता उड्डाणास गैरहजर राहिल्यास त्यास "नो-शो" म्हणतात. अशा वेळी स्वस्त वर्गातील संपूर्ण मूळ भाडे बुडते. वैधानिक कर व प्रवाशाने प्रत्यक्ष न वापरलेल्या विमानतळ सेवांची शुल्के मात्र परत मागता येतात.

## भारतातील नियमन

तिकिटाच्या परताव्याविषयी डीजीसीएने २००८ साली नियमावली जारी केली. "नागरी विमान वाहतूक आवश्यकता" या मालिकेतील ही नियमावली पुढे वेळोवेळी सुधारण्यात आली. १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार:

* रद्दीकरण शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही.
* तिकीट रद्द झाल्यास किंवा न वापरल्यास वैधानिक कर, वापरकर्ता विकास शुल्क, विमानतळ विकास शुल्क व प्रवासी सेवा शुल्क परत करणे बंधनकारक आहे. परतावा न देणाऱ्या भाड्यांनाही हा नियम लागू आहे.
* परताव्याच्या प्रक्रियेसाठी कंपनीला अतिरिक्त शुल्क घेता येत नाही.
* परताव्याची रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची की परत घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे.
* एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीवरच असते.

ही कमाल मर्यादा रद्दीकरणाला आहे. बदल शुल्क आणि भाड्यातील फरक यांच्या बेरजेवर तशी मर्यादा नाही. वरील उदाहरणात बदलाचा खर्च मूळ भाड्याच्या पुढे जातो तो यामुळेच.

जानेवारी २०१८ मध्ये परिवहन, पर्यटन व संस्कृती विषयक संसदीय स्थायी समितीने रद्दीकरण शुल्क मूळ भाड्याच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस केली. ती नियमात उतरली नाही. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रवासी हक्कांच्या सनदेचा मसुदा प्रसिद्ध केला आणि २०१९ मध्ये त्यातील काही तरतुदी लागू झाल्या. त्यांनुसार आरक्षणानंतर २४ तासांच्या आत प्रवाशास विनाशुल्क बदल किंवा रद्दीकरण करता येऊ लागले, मात्र आरक्षण व उड्डाण यांत किमान ७ दिवसांचे अंतर असावे लागे. नव्या उड्डाणाचे प्रचलित भाडे या सवलतीतही लागू होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने नियमावलीचा नवा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात विनाशुल्क बदलाची मुदत ४८ तासांपर्यंत वाढवणे आणि एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा २१ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करणे यांचा समावेश होता.

## वारंवार प्रवास करणाऱ्यांची नाराजी

बदल शुल्काचा भार सर्व प्रवाशांवर सारखा पडत नाही. सहलीसाठी वर्षातून एकदा जाणारा प्रवासी तारखा आधी ठरवून त्या पाळू शकतो. व्यवसाय, न्यायालयीन कामकाज, वैद्यकीय उपचार किंवा जहाजावरील नोकरीसाठी प्रवास करणाऱ्याच्या तारखा दुसऱ्यांच्या हाती असतात. बैठक पुढे ढकलली गेली, सुनावणी लांबली किंवा जहाज बंदरात उशिरा लागले की तिकीट बदलावे लागते. दर्यावर्दींसाठी काही कंपन्या लवचीक बदल व जादा सामानाची सोय असलेले स्वतंत्र भाडे देतात ते याच कारणाने.

निष्ठा योजनांचे सदस्य असलेल्या प्रवाशांचा आक्षेप वेगळा आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना सुरू केल्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. भारतात एअर इंडियाची "फ्लाइंग रिटर्न्स" ही योजना दीर्घकाळ चालली. तीच आता "महाराजा क्लब" या नावाने ओळखली जाते. अशा योजनांत बदल शुल्काची सूट बहुधा वरच्या श्रेणीतील सदस्यांपुरती असते. एकाच कंपनीकडे वर्षानुवर्षे प्रवास करूनही खालच्या श्रेणीतील सदस्यास पूर्ण शुल्क भरावे लागते. शुल्काचा तक्ता आरक्षणाच्या वेळी ठळकपणे न दाखवणे, अनेक वर्गांची नावे सारखी असणे आणि आरक्षणाच्या वेळी घेतलेले सुविधा शुल्क परत न मिळणे, हेही नेहमीचे आक्षेप आहेत.

विमान कंपन्यांची बाजू अशी की विमानातील आसन ही नाशवंत वस्तू आहे. उड्डाण झाल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. शेवटच्या क्षणी सोडलेले आसन पुन्हा विकले जाईलच याची खात्री नसते. शुल्क नसल्यास प्रवासी अनेक आरक्षणे करून ठेवतील आणि त्याचा भार सर्वांच्या भाड्यावर पडेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. किंगफिशर (२०१२), जेट एअरवेज (२०१९) व गो फर्स्ट (२०२३) या कंपन्यांची उड्डाणे बंद पडल्याच्या घटना या व्यवसायाची आर्थिक नाजूकता दाखवतात. टीकाकारांच्या मते मात्र तेच आसन अधिक भाड्याने पुन्हा विकले गेल्यास कंपनीला शुल्क व नवे भाडे असा दुहेरी लाभ होतो.

## अलिबाग व रायगड किनारपट्टी

रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबाग येथे प्रवासी विमानतळ नाही व शहर प्रवासी रेल्वेनेही जोडलेले नाही. येथील प्रवाशांना मुंबईचे विमानतळ गाठण्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मांडवा बंदरातून लाँच, कॅटमरान किंवा रो-रो बोटीने मुंबई, आणि दुसरा वडखळ, पेण, पनवेलमार्गे रस्ता. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही लाँच सेवा पावसाळ्यात, साधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली असून तीही हवामानावर अवलंबून असते. त्यामुळे पावसाळ्यात आणि गणेशोत्सवाच्या गर्दीत विमान चुकण्याचा धोका येथील प्रवाशांना अधिक असतो.

रस्त्यावरील कोंडीमुळे किंवा बोट रद्द झाल्यामुळे विमान चुकल्यास नियमांच्या दृष्टीने ते "नो-शो" ठरते. प्रवासाचा हा टप्पा विमान कंपनीच्या कराराबाहेरचा असतो. प्रवास विम्यात अशा कारणाचा समावेश आहे का, हे विमापत्राच्या अटींवर अवलंबून असते.

जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूमुळे मुंबई व रायगड यांतील रस्ता प्रवास जवळचा झाला. पनवेल तालुक्यातील उलवे परिसरात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. या विमानतळामुळे अलिबागकरांना खाडी ओलांडून मुंबईत जाण्याची गरज काही प्रमाणात कमी झाली. एकाच महानगरात दोन विमानतळ झाल्याने आरक्षण करताना निर्गमन स्थानक तपासणे आवश्यक झाले आहे.

अलिबाग परिसराशी नाते सांगणाऱ्या बेने इस्रायली समाजातील अनेक कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक आहेत. नवगाव येथील स्मारक व अलिबागचे सभास्थान पाहण्यासाठी त्यांचे येणे-जाणे असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर एअर इंडियाने तेल अवीवची उड्डाणे थांबवली व मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू केली. अशा प्रसंगी उड्डाण कंपनीनेच रद्द केलेले असल्याने प्रवाशास बदल किंवा रद्दीकरण शुल्क लागू होत नाही. युद्धाच्या भीतीने प्रवाशाने स्वतः आधीच तिकीट रद्द केल्यास मात्र नेहमीचे शुल्क लागू शकते.

## सामूहिक रद्दीकरणाचे प्रसंग

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीत सर्व प्रवासी उड्डाणे थांबली. अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी रक्कम भावी प्रवासासाठी जमा ठेवली. प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय देऊन टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा रद्दीकरण शुल्काविना देण्याचा आदेश दिला. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या तिकिटांसाठी आर्थिक अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत रक्कम जमा ठेवण्याची मुभा मिळाली. ही रक्कम वापरेपर्यंत तिच्या मूल्यात दरमहा वाढ देणे बंधनकारक होते.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांच्या अंमलबजावणीच्या वेळी इंडिगोची मोठ्या प्रमाणावर उड्डाणे रद्द झाली. मंत्रालयाने बाधित प्रवाशांकडून वेळ बदलाचे शुल्क न घेण्याचे व परतावा तातडीने देण्याचे आदेश दिले, तसेच देशांतर्गत भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घातली.

## अन्य देशांतील स्थिती

अमेरिकेत देशांतर्गत तिकीट बदलण्याचे शुल्क अनेक वर्षे २०० डॉलरपर्यंत होते. कोविडमुळे मागणी घटल्यावर ऑगस्ट २०२० अखेरीस युनायटेड एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक भाडे वर्गांसाठी हे शुल्क कायमचे रद्द केले. डेल्टा व अमेरिकन एअरलाइन्स यांनी लगेच तसाच निर्णय घेतला. सर्वांत स्वस्त "बेसिक इकॉनॉमी" वर्ग या सवलतीतून वगळला गेला. भाड्यातील फरकही प्रवाशासच भरावा लागतो. भारतातील २४ तासांच्या सवलतीसारखा नियम अमेरिकेत त्याआधीपासून आहे.

## तक्रार निवारण

शुल्काविषयीची तक्रार प्रथम विमान कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी लागते. समाधान न झाल्यास मंत्रालयाच्या एअरसेवा या मंचावर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदारास तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. विमान कंपनीचे कार्यालय दिल्ली, गुरुग्राम किंवा मुंबईत असले तरी रायगडमधील प्रवासी अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ शकतो. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारींना शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते व ती ऑनलाइनही दाखल करता येते. कंपनीने व्यापारी प्रयोजनासाठी काढून दिलेल्या तिकिटाबाबत "ग्राहक" या व्याख्येचा मुद्दा उपस्थित होऊ शकतो.

याच कायद्याने "अन्यायकारक करार" ही संकल्पना आणली. करारभंगामुळे होणाऱ्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट तिच्या व्याख्येत येते. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. त्यामुळे परतावा न मिळणे किंवा नियमापेक्षा अधिक कपात होणे या तक्रारी जिल्हा पातळीवर चालतात, तर शुल्काच्या अटीच्याच वाजवीपणाला आव्हान द्यायचे झाल्यास वरच्या आयोगाकडे जावे लागते.

## हे सुद्धा पहा

* नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
* ग्राहक संरक्षण कायदा २०१९
* नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
* मांडवा बंदर
* अलिबाग