डॉट नेटचं गेज बदललं तेव्हा

आमच्या सेलूच्या जुन्या मंडळींना गेज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास आलेली आमची लाइन मीटरगेज, आणि मनमाडहून पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज. मुंबईला जायचं तर मनमाडला सामानसुमान घेऊन गाडी बदला! १९९० च्या दशकात रूळ बदलले तेव्हा हा त्रास संपला.

सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉट नेट बाजारात आणलं. प्रोग्रामरसाठी साधनं उत्तम, पण धावायची फक्त विंडोजच्या रुळांवर. लिनक्सशी तर त्यांचं उभं वैर. २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सर म्हटलं होतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी मिगेल दे इकाझा या मेक्सिकन प्रोग्रामरने 'मोनो' सुरू केलं, डॉट नेटचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी. म्हणजे नवे रूळ आधी बाहेरच्यांनीच टाकायला घेतले.

मग १२ नोव्हेंबर २०१४ ला खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की, सर्व्हरवर चालणाऱ्या डॉट नेटचा सोर्स कोड खुला होणार आणि ते लिनक्स व मॅकवरही चालणार. सत्या नडेला प्रमुख होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. २०१५ मध्ये तिन्हीकडे चालणारा, फुकट व्हिज्युअल स्टुडिओ कोड आला, आणि जून २०१६ मध्ये डॉट नेट कोअर १.०.

हे मनपरिवर्तन का? मला तरी तो हिशोब वाटतो. पुढची कमाई विंडोजच्या परवान्यांपेक्षा भाड्याने दिलेल्या सर्व्हरमधून होणार होती. सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्याकडे पुणे, मुंबई आणि चेन्नईला त्यांची डेटा सेंटर्स सुरू झाली. भाडं वेळेवर येतंय ना, मग भाडेकरू लिनक्स लावो की विंडोज, घरमालकाला काय त्याचं!

पण सगळ्या किल्ल्या काही दिल्या नाहीत. सी शार्पचा त्यांचा डिबगर आजही त्यांच्याच उत्पादनांसोबत वापरायची अट आहे. २०२१ मध्ये 'हॉट रिलोड' ही सोय खुल्या साधनांतून काढून फक्त व्हिज्युअल स्टुडिओत ठेवायचा प्रयत्न झाला. प्रोग्रामरांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच ती परत आली.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा गदारोळ. आज सेलूतला एखादा मुलगा जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून, एक रुपयाही परवान्याला न देता सी शार्प शिकू शकतो. त्याने जरूर शिकावं. फक्त दार उघडं राहतं ते मालकाच्या मर्जीने नव्हे, ये-जा करणाऱ्यांच्या जागरूकतेने, एवढं लक्षात ठेवावं.