सणासुदीची बेकिंग स्पर्धा: नावे, परीक्षक आणि वाहिनी बदलत गेली

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षदिनापर्यंतचा काळ ‘हॉलिडे सीझन’ म्हणून ओळखला जातो. नाताळ याच काळात येतो, ज्यूधर्मीयांचा हनुका हा सणही बहुधा याच दिवसांत असतो. घरोघरी केक, पाय आणि बिस्किटे भाजण्याचे हे दिवस असतात. नेमक्या याच काळात मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या नियमित मालिका काही आठवडे विश्रांती घेतात. ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी एबीसी या वाहिनीने २०१५ मध्ये बेकिंगची एक छोटी स्पर्धा सुरू केली. पुढील काही वर्षांत या स्पर्धेचे नाव, परीक्षक, सूत्रसंचालक आणि अखेरीस प्रसारक असे सारेच बदलले. खेळाचे मूळ नियम मात्र जवळजवळ तसेच राहिले.

हे नियम ब्रिटनमधून आले. बीबीसीवर १७ ऑगस्ट २०१० रोजी सुरू झालेल्या ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या कार्यक्रमात हौशी स्पर्धक एका पांढऱ्या तंबूत तीन फेऱ्या खेळतात. ‘सिग्नेचर’ या पहिल्या फेरीत स्पर्धक घरी सराव केलेला पदार्थ करतो. ‘टेक्निकल’ या दुसऱ्या फेरीत सर्वांना एकच पदार्थ, तोही अर्धवट कृती हाती देऊन करायला सांगितला जातो आणि कोणता पदार्थ कोणाचा हे परीक्षकांना ठाऊक नसते. तिसऱ्या ‘शोस्टॉपर’ फेरीत डोळे दिपवील अशी मोठी रचना अपेक्षित असते. दर भागात सर्वसाधारणपणे एक जण बाहेर पडतो. ब्रिटनमधील अंतिम विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही, केक ठेवण्याची काचेची कोरीव बैठक आणि फुले मिळतात. एवढ्याशा बक्षिसासाठी स्पर्धक ज्या जिद्दीने झटतात, त्यातच या कार्यक्रमाची गंमत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकेत ही कल्पना रुजवण्याचा पहिला प्रयत्न सीबीएस वाहिनीने २०१३ च्या उन्हाळ्यात केला. ब्रिटिश कार्यक्रमाचे परीक्षक पॉल हॉलिवूड त्यात होते, तरीही तो एका हंगामातच थांबला. येथे नावाचीही एक अडचण होती. ‘बेक-ऑफ’ ही शब्दयोजना अमेरिकेत पिल्सबरी या पिठाच्या व्यवसायातील नाममुद्रेची नोंदणीकृत मालमत्ता आहे. पिल्सबरीची स्वतःची पाककृती स्पर्धा १९४९ पासून त्या नावाने ओळखली जाते. म्हणूनच खुद्द ब्रिटिश कार्यक्रमही अमेरिकेत ‘ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ या नावाने दाखवला जातो.

एबीसीने सणाचा आधार घेतला. ‘द ग्रेट हॉलिडे बेकिंग शो’ ३० नोव्हेंबर २०१५ रोजी सुरू झाला. स्पर्धक सहा, भाग केवळ चार. अभिनेत्री निया वार्डालोस आणि अभिनेते इयन गोमेझ हे त्या वेळचे पतिपत्नी सूत्रसंचालक होते. तर परीक्षक म्हणून ब्रिटनच्या ज्येष्ठ पाककला लेखिका मेरी बेरी आणि न्यूयॉर्कचे पेस्ट्री शेफ जॉनी इउझिनी यांची निवड झाली. स्पर्धक अमेरिकी, प्रेक्षक अमेरिकी, परंतु चित्रीकरण इंग्लंडमध्ये! दुसऱ्या हंगामात, १ डिसेंबर २०१६ पासून, ‘हॉलिडे’ हा शब्द शीर्षकातून गेला आणि ‘द ग्रेट अमेरिकन बेकिंग शो’ हे नाव आले. स्पर्धकही वाढले. प्रसारण मात्र डिसेंबरमध्येच राहिले. सण नावातून गेला, दिनदर्शिकेतून गेला नाही.

प्रेक्षकांनी न पाहिलेली विजेती

तिसऱ्या हंगामासाठी मेरी बेरी यांच्या जागी पॉल हॉलिवूड आले. सूत्रसंचालन आयेशा करी आणि माजी फुटबॉलपटू अँथनी अॅडम्स यांच्याकडे गेले. ७ डिसेंबर २०१७ रोजी या हंगामाचा आरंभ झाला. त्यापूर्वी काही दिवस इउझिनी यांच्यावर त्यांच्या माजी कर्मचारी महिलांनी लैंगिक छळाचे आरोप केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. पहिल्या रात्रीच्या प्रसारणानंतर आठवडाभरातच एबीसीने उर्वरित भाग न दाखवण्याचा निर्णय जाहीर केला.

हा निर्णय असा सरसकट का घ्यावा लागला, हे कार्यक्रमाच्या रचनेत पाहावे लागेल. संपूर्ण स्पर्धा आधीच चित्रित झालेली असते. परीक्षक दोनच असतात. प्रत्येक पदार्थ दोघे चाखतात, प्रत्येक निकाल दोघे मिळून देतात. त्यांतील एकाला चित्रफितीतून कापून काढले, तर निकालाचा अर्थच उरत नाही. शिवाय नाताळाचे पदार्थ मार्चमध्ये दाखवण्यात वाहिनीला स्वारस्य नसणार हे उघड आहे.

याची सर्वांत मोठी किंमत मोजली ती ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता त्या स्पर्धकांनी. या हंगामाच्या विजेत्या व्हॅलरी लोमस व्यवसायाने वकील होत्या. लुईझियाना राज्यात वाढलेल्या लोमस या कार्यक्रमाच्या पहिल्या कृष्णवर्णीय विजेत्या ठरल्या. पण त्यांचा विजय दूरचित्रवाणीवर दिसलाच नाही. त्याच महिन्यात इंटरनेटवरून त्यांचे नाव घोषित करण्यात आले. अशा स्पर्धेत विजेत्याची खरी कमाई असते ती ओळख. प्रेक्षक आठवडे न् आठवडे त्याला पाहतात, त्याच्या फसलेल्या केकवर हळहळतात, आणि मग प्रकाशक आणि निर्माते दारी येतात. लोमस यांना ती वाट स्वतःच तयार करावी लागली. वकिली सोडून त्या लेखनाकडे वळल्या आणि २०२१ मध्ये त्यांचे ‘लाइफ इज व्हॉट यू बेक इट’ हे पाककृतींचे पुस्तक प्रकाशित झाले.

एबीसीने कार्यक्रम बंद केला नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी तो परतला तेव्हा इउझिनी यांच्या जागी पेस्ट्री शेफ शेरी यार्ड होत्या आणि अॅडम्स यांच्या जोडीला स्पाइस गर्ल्स या गायनवृंदातील एमा बंटन. २०१९ च्या हंगामात कॅपुचिन या ख्रिस्ती पंथातील एका धर्मबंधूने बाजी मारली. मठातील सहनिवासी ही चव चाखण्यात बहुधा आघाडीवर असावेत. एबीसीवरील हा शेवटचा हंगाम ठरला.

सण एकीकडे, स्पर्धा दुसरीकडे

त्यानंतरचा बदल आजवरच्या बदलांहून मूलगामी होता. जाहिरातींच्या आधारे विनामूल्य चालणाऱ्या रोकू चॅनेल या इंटरनेट वाहिनीने कार्यक्रम स्वीकारला आणि त्याचे दोन भाग केले. २ डिसेंबर २०२२ रोजी प्रथम आला तो नामवंतांचा नाताळ विशेष भाग. त्यात माजी फुटबॉलपटू मार्शॉन लिंच विजयी झाले. हौशी स्पर्धकांची मुख्य स्पर्धा मे २०२३ मध्ये, म्हणजे सणाशी काहीही संबंध नसलेल्या महिन्यात, स्वतंत्रपणे दाखवण्यात आली.

ही विभागणी ब्रिटनच्या प्रथेशी जुळणारी आहे. तेथे २०१७ मध्ये बेक ऑफ चॅनेल ४ वर गेल्यापासून मुख्य मालिका शरद ऋतूत होते आणि नाताळात जुन्या स्पर्धकांना बोलावून एखादा विशेष भाग केला जातो. मालिकांच्या विश्रांतीमुळे रिकामी राहणारी डिसेंबरची जागा इंटरनेट वाहिनीला भरावयाची नसते. त्यामुळे संपूर्ण स्पर्धा त्या चार-पाच आठवड्यांत कोंबण्याचे कारणही उरले नाही. रोकूवरील आरंभीच्या या दोन्ही कार्यक्रमांत परीक्षक होते पॉल हॉलिवूड आणि प्रू लीथ. फेऱ्या त्याच तीन होत्या आणि तंबू इंग्लंडमधलाच होता.