शब्द कुणाचे, नाव कुणाचे?

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराच्या वाङ्मयीन इतिहासात दोन पुस्तके नव्वद वर्षांच्या अंतराने उभी आहेत. पहिले १८४० सालचे. त्यात त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे कौर्ना लोकांच्या भाषेचे व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्दांचा संग्रह आहे. दुसरे १९३० सालचे. त्यात मूलनिवासींच्या पुराणकथा आणि दंतकथा आहेत. दोन्ही पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठावर बाहेरच्या माणसांची नावे आहेत. पुढे मात्र त्यांची नियती वेगळी झाली. पहिल्या पुस्तकातून एक भाषा पुन्हा बोलती झाली. दुसरे पुस्तक त्याच्या खऱ्या लेखकाकडे परत आणावे लागले. विद्यापीठांत या दोन घटनांचा अभ्यास दोन निराळ्या विभागांत होतो, एकीचा भाषाशिक्षणात आणि दुसरीचा साहित्यात. आम्हांला असे वाटते की, हा प्रश्न मुळात एकच आहे, आणि तो लोकसाहित्य शिकवणाऱ्या मराठी अध्यापकालाही टाळता येणार नाही.

पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ मध्ये स्थापन झाली. १८३८ मध्ये ड्रेस्डेनच्या मिशनने पाठवलेले टाइखेलमान आणि श्यूरमान हे दोन जर्मन धर्मोपदेशक तेथे पोहोचले. टॉरेन्स नदीकाठी पिल्टावोड्ली येथे १८३९ च्या डिसेंबरात त्यांनी शाळा सुरू केली आणि तीत मुलांना त्यांच्याच भाषेतून लिहावाचायला शिकवले. मुलावीराबुर्का, कादलितपिना आणि इत्यामैइत्पिना हे कौर्ना पुरुष या धर्मोपदेशकांचे प्रमुख भाषागुरू होते. मराठी वाचकाला येथे मोल्सवर्थची आठवण होणे साहजिक आहे. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे जवळपास त्याच काळातली. पण हे साम्य फार ताणता येत नाही. मोल्सवर्थचा कोश नसता तरी मराठी बोलली गेलीच असती. कौर्नाच्या बाबतीत तसे घडले नाही. १८४५ मध्ये शाळा बंद झाली, मुलांना इंग्रजी शाळेत नेण्यात आले, आणि रोगराई, विस्थापन व सक्ती यांनी उरलेले काम पुरे केले. ही भाषा अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती म्हणून जिचा उल्लेख होतो ती इवारित्जी १९२९ मध्ये वारली. तिच्यानंतर भाषेला मुख्य आधार उरला तो कागदाचाच.

या कागदावरून भाषा परत उभी करण्याच्या कामाशी भाषावैज्ञानिक रॉब ॲमरी यांचे नाव जोडलेले आहे. ॲडलेड विद्यापीठात त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला आणि तो २००० मध्ये ग्रंथरूपाने आला. परंतु हे काम एकट्या अभ्यासकाचे नाही, याची नोंद करणे आवश्यक आहे. लुइस ओब्रायन, अलित्या रिग्नी यांच्यासारख्या कौर्ना ज्येष्ठांनी पुढाकार घेतला, आणि २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कौर्ना वारा पिंत्यान्दी’ या गटात अभ्यासक व समाज एकत्र बसू लागले. कुणाला आपल्या मुलाला कौर्ना नाव ठेवायचे असते, कुणाला एखाद्या इमारतीसाठी शब्द हवा असतो, कुणाला स्वागताचे भाषण त्या भाषेत करायचे असते; अशा मागण्यांवर तेथे विचार होऊ लागला. शब्द देण्याचा अधिकार प्राध्यापकाच्या खोलीतून समाजाच्या बैठकीत गेला, हे आम्हांला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. या पुनरुज्जीवनाचा आरंभ व्याकरणाच्या धड्यांनी झाला नाही. तो गाण्यांनी झाला. १९९० मध्ये न्गारिन्जेरी, नारुंगा आणि कौर्ना या तीन भाषांत गाणी रचण्याची कार्यशाळा झाली आणि त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. पुढे शाळांतून आणि विद्यापीठांतून वर्ग सुरू झाले. म्हणजे भाषा अजून कुणाच्या तोंडी धड बसलेली नसतानाच तिच्यात साहित्य निर्माण होऊ लागले होते. आधी भाषा आणि मग साहित्य, हा आपण गृहीत धरलेला क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

नवे शब्द घडवतानाही हीच वृत्ती दिसते. दूरध्वनीसाठी ‘वारैत्याती’ हा शब्द ‘वाणी’ आणि ‘पाठवणे’ या अर्थांच्या जुन्या शब्दांतून सिद्ध झाला. संगणकासाठी ‘मुकार्न्तु’ हा शब्द मेंदू आणि वीज या दोन शब्दांच्या संयोगाने आला. आपला ‘संगणक’ गणनेपाशी थांबतो. कौर्ना शब्दात मेंदूतील वीज चमकते. मात्र या भाषेच्या मर्यादा विसरता कामा नयेत. धर्मोपदेशकांनी जे विचारले आणि जे त्यांना सांगितले गेले, तेवढेच कागदावर उतरले. आजची कौर्ना ही त्या गाळणीतून आलेली आणि नव्याने रचलेली भाषा आहे. ज्येष्ठांनी आणि अभ्यासकांनी हे लपवलेले नाही, आणि त्यामुळेच त्यांच्या कामाची विश्वसनीयता वाढली आहे.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. डेव्हिड युनायपन यांचा जन्म १८७२ मध्ये पॉइंट मॅक्ले येथील मिशनमध्ये, न्गारिन्जेरी समाजात झाला. ते धर्मप्रवचनकार, वक्ते आणि संशोधक होते. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या यंत्रातील सुधारणेसाठी त्यांनी १९०९ मध्ये एकस्व मिळवले होते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी मूलनिवासींच्या कथा इंग्रजीत लिहून काढल्या. त्यांतील काही छोट्या पुस्तिकांच्या रूपाने त्यांच्या नावाने निघाल्या. मोठे हस्तलिखित मात्र सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशनसंस्थेकडे गेले, तेथून त्याचे हक्क विल्यम रॅम्से स्मिथ यांच्याकडे गेले, आणि १९३० मध्ये लंडनहून जे पुस्तक निघाले त्यावर लेखक म्हणून स्मिथ यांचे नाव होते. युनायपन यांचा त्यात निर्देशही नव्हता.

हे स्मिथ कोण होते, हे कळल्यावर प्रसंगाचा अर्थ गडद होतो. ते ॲडलेडमधील वैद्यक अधिकारी आणि मानवशास्त्राचे हौशी अभ्यासक. मूलनिवासींचे अस्थिअवशेष जमवून त्यांनी एडिनबरोला पाठवले होते, आणि मृतदेहांच्या गैरवापराच्या आरोपांवरून १९०३ मध्ये त्यांची चौकशीही झाली होती. अस्थी आणि कथा या दोन्ही गोष्टी ‘नमुने’ म्हणून गोळा करणारी ही एकच दृष्टी आहे. नमुन्याला नाव नसते. असलेच तर ते गोळा करणाऱ्याचे असते.

युनायपन १९६७ मध्ये वारले. १९९५ पासून ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. परंतु त्या वेळीही त्यांचे मुख्य पुस्तक त्यांच्या नावाने उपलब्ध नव्हते. राष्ट्राने चेहरा स्वीकारला होता, लेखक अजून बाहेरच उभा होता. स्टीफन म्यूके आणि ॲडम शूमेकर या दोन अभ्यासकांनी सिडनीच्या मिचेल ग्रंथालयातील हस्तलिखितावरून मूळ संहिता सिद्ध केली, युनायपन यांच्या कुटुंबीयांशी बोलणी करून स्वामित्वाचा प्रश्न मार्गी लावला, आणि २००१ मध्ये ते पुस्तक मेलबर्न विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे लेखकाच्या नावाने बाहेर पडले. संहितासंपादन हे आपण बहुधा पाठभेदांचे शास्त्र मानतो. येथे ते न्यायाचे साधन झाले.

तंत्रज्ञानाचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. उत्तर न्यू साउथ वेल्समधील गमिलराय भाषेचा कोश पीटर ऑस्टिन आणि डेव्हिड नेथन यांनी १९९६ मध्येच महाजालावर ठेवला होता. नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्विभाषिक शिक्षणाच्या काळात वस्त्यांमधील छोट्या मुद्रणकेंद्रांनी मूलनिवासी भाषांत असंख्य पुस्तके छापली. पुढे शासनाने त्या शिक्षणाचा आधार काढून घेतल्यावर ती धूळ खात पडली. २०१२ पासून चार्ल्स डार्विन विद्यापीठाच्या प्रकल्पाने ती अंकीय रूपात जतन केली, आणि हे करताना लेखकांची व चित्रकारांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घेण्याचे कष्टही उपसले.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण आम्हांला टेनंट क्रीक येथील वारुमुंगु समाजाचे वाटते. बाहेरच्या संग्रहांत गेलेली आपली छायाचित्रे जेव्हा त्या समाजाकडे परत येऊ लागली, तेव्हा ती कुणीही केव्हाही पाहावीत हे त्यांच्या रीतीत बसेना. काही गोष्टी फक्त स्त्रियांच्या, काही फक्त पुरुषांच्या, काही विशिष्ट कुळांच्या. मृतांची चित्रे तर जपूनच पाहायची. किम्बर्ली क्रिस्टन या अमेरिकी अभ्यासिकेसह या समाजाने २००७ मध्ये असा संग्रह उभा केला की, त्यात नाते, लिंग आणि मृत्यू यांचे नियम संगणकाला पाळावे लागतात. त्याला त्यांनी ‘मुकुर्तु’ हे नाव दिले. मुकुर्तु म्हणजे ज्येष्ठांची विणलेली झोळी. तीत पवित्र वस्तू असतात. पाहायच्या तर विचारावे लागते. ज्ञान सर्वांना खुले असावे, या आमच्या आवडत्या विधानाला ही झोळी शांतपणे अडवते. जे आधी न विचारता नेले गेले, ते पुन्हा न विचारता सर्वांना वाटून टाकणे म्हणजे उदारपणा नव्हे, असे ती सांगते.

आपल्याकडे पाहिले तर दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात. ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनच्या कथांचा संग्रह १८६८ मध्ये मेरी फ्रिअर यांच्या नावाने निघाला. कथा सांगणारी होती तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. फ्रिअरने तिचे आत्मकथन पुस्तकात छापले, हे तिच्या पदरी पुण्य. पण कपाटात आपण ते पुस्तक शोधतो ते फ्रिअरच्या नावाखालीच. याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्याहून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्या संगणकावर आल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’च्या द्वारे त्या वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते.

आमच्यापैकी अनेकांनी विद्यार्थीदशेत लोकगीते गोळा केली आहेत. त्या वह्या आम्ही परवा पुन्हा काढून पाहिल्या. तालुका आहे, तारीख आहे, संकलकाचे नाव ठळक अक्षरांत आहे. ज्या बाईंनी दुपारभर बसून ती गीते सांगितली, त्यांच्याबद्दल फक्त ‘एक वृद्ध स्त्री’ एवढेच आहे. आम्ही त्यांना नाव विचारले नव्हते, मग गीते नेऊ का, हे विचारणे दूरच. रॅम्से स्मिथवर लिहिताना आमचा आवाज चढला असेल, तर या वहीने तो खाली आणला आहे. आता त्या गावी जाऊन विचारावे म्हटले, तरी कोणत्या दारी विचारायचे, हेच वहीत लिहिलेले नाही.