खुळ्या मायेची कुळकथा

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीत शब्दाचे नाव नाही, हे एक बरे झाले. नाहीतर मी एका मुलीचा अपराधी राहिलो असतो, आणि ते मला कधी कळलेही नसते.

सातवीच्या वर्गावर इंग्रजीचा तास होता. फळ्यावर मी 'फॉण्ड' हा शब्द लिहिला आणि प्रत्येकाने तो आपल्या वाक्यात वापरून आणावा, असे सांगितले. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. माझे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे बोट धरून चालायला शिकलेले. त्यामुळे नियम तेवढे पक्के. हा नियम तर अगदी सोपा. आधी 'ॲम', 'इज' किंवा 'आर', मग 'फॉण्ड', त्याला जोडून 'ऑफ', आणि त्यापुढे आवडीची वस्तू किंवा व्यक्ती. आवड एखाद्या क्रियेची असेल, तर क्रियापदाला 'इंग' लावायचे: 'शी इज फॉण्ड ऑफ सिंगिंग'. 'फॉण्ड टू सिंग' लिहिले की मार्क गेले!

आपली मुले येथे अडखळतात, त्याला कारण आहे. आपण 'मला आंबा आवडतो' म्हणतो. त्या वाक्यात कर्ता आंबा. आपण नुसते 'मला' होऊन बाजूला उभे! इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि आंबा 'ऑफ'नंतर जातो. शिवाय 'आवडणे' हे क्रियापद, म्हणून मुलांना 'फॉण्ड'ही क्रियापदच वाटते. वास्तविक ते विशेषण आहे. म्हणून 'आय फॉण्ड मँगो' हे पीक वह्यांतून दरसाल उगवते.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. कुणी आंब्याचा फॉण्ड, कुणी क्रिकेटचा, कुणी सिनेमाचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र लिहिले होते, 'माय ग्रँडमदर इज फॉण्ड.' बस्स. पुढे पूर्णविराम!

मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "अगं, कशाची फॉण्ड? लाडवांची की तपकिरीची?" सारा वर्ग हसला. मीही हसलो. वाक्यावर तांबडी रेघ ओढली आणि वही परत केली. मुलगी खाली मान घालून उभी होती.

तास संपल्यावर ती जवळ आली. "सर, मी कोशात बघितलं होतं." आमच्या शाळेच्या कपाटात पुठ्ठा निघालेला एक जुना इंग्रजी-मराठी कोश आहे. तिने बोट ठेवून दाखवले. 'फॉण्ड' पुढे पहिला अर्थ होता खुळा, वेडा. आणि त्यानंतर मायाळू.

"आजी सगळं विसरलीय, सर. मलासुद्धा ओळखत नाही. पण जवळ जो येईल त्याच्या तोंडावरून हात फिरवते. दोन्ही अर्थ एकाच शब्दात होते, म्हणून लिहिलं."

मला काही बोलवेना. त्या रात्री मी शब्दाची कुळकथा शोधायला बसलो.

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'फॉन' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ खुळ्यासारखे वागणे. त्यावरून 'फॉण्ड' म्हणजे खुळावलेला. इ. स. १३८० च्या सुमारास विक्लिफच्या लेखनात हा शब्द खारटपणा गेलेल्या मिठालाही लावलेला आहे. कदाचित हाच मूळ अर्थ असावा, असे काही कोशकार मानतात: आधी अळणी झालेले मीठ, मग अक्कल अळणी झालेला माणूस. पुढे सोळाव्या शतकात शब्दाने वळण घेतले. जो मायेने खुळावतो, ज्याला प्रेमापुढे शहाणपण सुचत नाही, तो 'फॉण्ड' झाला. मग खुळेपणा हळूहळू झिजत गेला आणि माया मागे उरली.

पण तो एकाएकी झिजला नाही. १६०८ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात भ्रमिष्ट झालेला म्हातारा राजा जागा होतो. समोर धाकटी लेक कॉर्डेलिया असते. त्या वेळी तो स्वतःला मूर्ख म्हणतो आणि त्याला जोडून हाच शब्द वापरतो. ज्या लिअरची छाया शिरवाडकरांच्या १९७० च्या 'नटसम्राट'वर पडली, तोच हा बाप. पुढे १७५५ साली डॉक्टर जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश काढला. त्यातही 'फॉण्ड'चा पहिला अर्थ मूर्ख असाच आहे. आजच्या इंग्रजीत त्या जुन्या अर्थाची खूण 'फॉण्ड होप' या जोडीत उरली आहे. तिला आपण भाबडी आशा म्हणू.

यात आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडे गाण्याचे वेड असते, नाटकाचे खूळ असते, आईची माया वेडी असते. इंग्रजीला जो प्रवास करायला काही शतके लागली, तो आपली आई 'अगं वेडे' म्हणून एका दमात करते.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी वर्गाला सांगितले, आणि काल मी हसलो ही माझी चूक झाली, हेही सांगितले. मग त्या मुलीला म्हणालो, "तुझं वाक्य चारशे वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. परीक्षेत मात्र 'ऑफ' लागतोच हो. 'माय ग्रँडमदर इज फॉण्ड ऑफ मी' असं लिही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, ती मला ओळखत नाही. मग 'ऑफ'च्या पुढे माझं नाव कसं लिहू?"

सर्व नियम पाठ असलेला मी. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दिवाळीत तिच्या वडिलांनी फराळाला बोलावले. आजी ओसरीवर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कुठल्यातरी नावाने हाक मारली आणि ताटलीतली करंजी माझ्या हातावर ठेवली. ते नाव कुणाचे, हे मी विचारले नाही. मुलगी दारात उभी राहून हसत होती.

सुट्टीत घरच्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या वाचकांनी 'फॉण्ड'नंतर 'ऑफ' अवश्य लिहवून घ्यावा. मीही घेतो. फक्त एखाद्या वहीत तो नसेल, तर तांबडी शाई उचलण्याआधी मी आता विचारून घेतो.